पाखरांच्या वाटेवरचा माणूस : डॉ. सलीम अली

पाखरे पाहणे हाही एक अभ्यास असू शकतो, त्यात एखादा माणूस सारे आयुष्य घालवू शकतो आणि त्याबद्दल सरकार त्याला पद्मविभूषण देऊ शकते, असे आमच्या पेडगावच्या पारावर कुणी सांगितले तर ऐकणारे आधी हसतील. आमच्याकडे पाखरांशी संबंध येतो तो राखणीपुरता. ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा घालायचा, गोफण घ्यायची आणि भोरड्यांचे थवे उठवायचे. काळ्या डोक्याच्या, गुलाबी अंगाच्या या भोरड्या हजारोंनी येतात आणि पाहता पाहता कणसे झोडपून जातात. त्या कुठून येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी कुठे नाहीशा होतात, हा प्रश्न राखणीच्या पोराला पडला तरी उत्तर द्यायला कुणी नसते. भोरड्या मध्य आशियातून येतात. तिकडच्या माळरानांवर त्यांची वीण होते आणि त्या दिवसांत त्या टोळांचा व नाकतोड्यांचा फन्ना उडवतात. आपल्या ज्वारीवरचा हा दरोडेखोर तिकडच्या शेतकऱ्याचा राखणदार ठरतो. अशा गोष्टी आपल्या देशातील सामान्य वाचकापर्यंत ज्यांनी पोहोचवल्या, त्यांत पहिले नाव डॉ. सलीम अली यांचे घ्यावे लागते.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. ते घरातले शेंडेफळ. ते वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली. पोरक्या भावंडांना मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या पत्नी हमीदा बेगम यांनी गिरगावाजवळच्या खेतवाडीत आपल्या घरी वाढवले. या जोडप्याला स्वतःचे मूल नव्हते. मामा शिकारीचे शौकीन. घरात बंदुका, बाहेर शिकारीच्या गप्पा आणि स्वयंपाकघरासाठी बाजारातून जिवंत आणलेले तितर-लावे. पोराच्या डोक्यात पाखरू शिरले ते असे. सुट्टीत चेंबूरला जायचे, कारण त्या वेळी चेंबूर म्हणजे झाडीचा मुलूख होता. मुंबईच्या गर्दीतला हा मुलगा रानात जन्मलेला नव्हता, हे मुद्दाम ध्यानात ठेवले पाहिजे.

मामांनी दिलेल्या छऱ्याच्या बंदुकीने एके दिवशी त्याने एक चिमणी पाडली. ती नेहमीच्या घरचिमणीसारखीच होती, पण गळ्यावर हळदीचे बोट लागावे तसा पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, ती खाणे धर्माला धरून होईल का, असा प्रश्न पोराने मामांना केला. मामांनाही उत्तर सुचेना. ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सभासद होते. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था फोर्ट भागात होती. मामांनी चिठ्ठी देऊन मुलाला तेथील सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. दहा-बारा वर्षांचे देशी पोर मेलेले पाखरू हातात घेऊन इंग्रज साहेबाच्या दारात उभे राहिले. मिलार्ड यांनी त्याला हाकलून दिले नाही. त्यांनी चिमणी ओळखली, कपाटे उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. एका शिकल्या-सवरल्या माणसाने एका पोराला अर्धा तास दिला, त्यातून पुढे काय उभे राहिले हे आपण जाणतोच. आमच्यासारख्या ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढली गेली, त्यांना या अर्ध्या तासाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

बंदुकीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. सलीम अलींची चरित्रे लिहिताना पुष्कळ जण त्यांना पहिल्यापासून अहिंसेचे पुतळे करून टाकतात. तसे ते नव्हते. लहानपणी त्यांनी एका चिमणीच्या घरट्यावर पाळत ठेवली होती. नर टिपला की मादी लगेच दुसरा नर गाठी, तो टिपला की तिसरा. अशा आठ नरांची नोंद सात दिवसांत झाली. पुढेही संग्रहासाठी त्यांनी अनेक पक्षी टिपले. त्या काळी शास्त्राची ती रीतच होती. फरक एवढाच, की इतर शिकाऱ्यांनी पाखरू पाडल्यावर मोजणी केली, तर या मुलाने ते वहीत का व कसे घडले हे टिपून ठेवले. आणि मोठेपणी त्यांचे लक्ष मेलेल्या पाखरापेक्षा जिवंत पाखराकडे अधिकाधिक वळत गेले.

अभ्यासात मात्र गाडी रुळावर नव्हती. तेराव्या वर्षाच्या सुमारास डोकेदुखीचा विकार जडला, शाळा वारंवार बुडू लागली. हवापालटासाठी सिंधमध्ये नातलगांकडे पाठवण्यात आले. १९१३ साली ते मॅट्रिकची परीक्षा कशीबशी उत्तीर्ण झाले. सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातले, पण गणिताचा धसका घेतला आणि पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडले. घरच्यांनी त्यांना ब्रह्मदेशात तवाय येथे धाडले. तेथे कुटुंबाचा वुल्फ्रॅमच्या खाणींचा व इमारती लाकडाचा धंदा होता. म्हणजे आज मी ज्या वयाचा आहे, त्या एकोणिसाव्या वर्षी सलीम अली कॉलेजाबाहेर, परमुलखात, न जमणारा धंदा सांभाळत होते. धंद्यापेक्षा तेथल्या जंगलातच त्यांचा वेळ अधिक जाई. १९१७ साली ते मुंबईला परतले. दावर कॉलेजात सकाळी हिशेब व व्यापारी कायदा शिकायचा आणि नंतर झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या सांगण्यावरून प्राणिशास्त्राच्या तासांना बसायचे, असा क्रम त्यांनी धरला. तो अभ्यासक्रम पुरा झाला, पण विद्यापीठाची पदवी हाती आली नाही. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पदवी नसल्याची किंमत त्यांना मोजावी लागली. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पक्षिशास्त्रज्ञाची जागा निघाली. ज्ञान होते, कागद नव्हता. जागा मिळाली नाही. हे वाचून आमच्यातल्या कुणी असा अर्थ काढू नये की पदवीवाचून काही अडत नाही. सलीम अलींचे अडलेच होते. त्यांच्यामागे तय्यबजींचे घर होते, मुंबई शहर होते, ओळखी होत्या. कोरडवाहू पाच एकरांवर घर चालणाऱ्याने पदवी सोडली तर त्याला बर्लिनला कोण पाठवणार? पण दुसरी बाजूही खरीच आहे. तीच जागा मिळवलेल्या पदवीधराचे नाव आज कुणाला आठवत नाही.

१९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात, निसर्गविभाग नुकताच उघडला होता. तेथे प्रेक्षकांना माहिती सांगणारे व्याख्याते म्हणून त्यांना दरमहा ३५० रुपयांची नोकरी मिळाली. दोन वर्षांत त्यांना त्या कामाचा कंटाळा आला आणि १९२८ साली रजा काढून ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान यांच्यासारखा गुरू भेटला. उत्तर समुद्रातल्या हेलिगोलँड बेटावर स्थलांतर करणारे पक्षी पकडून त्यांच्या पायात कडी घालून सोडण्याचे काम चाले, तेही त्यांनी पाहिले आणि शिकून घेतले. १९३० साली परत आले तो पैशाअभावी म्युझियममधली त्यांची जागाच रद्द झालेली.

घरभाडे परवडेना म्हणून नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. बेकार माणसाचे दिवस जातात तसे हे दिवस गेले नाहीत. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्याचे महिने तिच्यासमोर बसून त्यांनी जे टिपले, त्यावर त्यांचे नाव जगात झाले. आपल्याकडे बाभळीला किंवा विहिरीच्या काठाला लोंबणारे खोपे कुणी पाहिले नाहीत? बहिणाबाईंच्या कवितेमुळे खोपा विणणारी ती सुगरण, ती आई, असे आपल्या मनात पक्के बसले आहे. सलीम अलींनी दाखवून दिले की विणकाम नराचे असते. नर अर्ध्यापर्यंत खोपा विणतो आणि थांबतो. माद्या येतात, आत शिरून पारख करतात. एखादीने पसंत केला तर नर तो पुरा करतो, ती अंडी घालते आणि हा बहाद्दर शेजारीच दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! पसंत न पडलेले अर्धे खोपे तसेच लटकत राहतात. आमच्या विहिरीवर असे अर्धवट खोपे कायम असत आणि सुगरणीने आळस केला असे जुनी माणसे सांगत. बहिणाबाईंच्या कवितेचे मोल यामुळे तिळमात्र कमी होत नाही. पण शास्त्र आणि काव्य यांची घरे वेगळी असतात, हे त्या खोप्यावरून फार चांगले समजते.

यानंतर संस्थानांमधील पक्ष्यांच्या पाहणीचे पर्व सुरू झाले. सलीम अलींनी पुढाकार घेऊन कळवले की पगार नको, प्रवास आणि मुक्कामाचा खर्च द्या, मी तुमच्या मुलखातले पक्षी नोंदवून देतो. पहिले मोठे काम हैदराबाद संस्थानाचे, १९३१ च्या सुमारास. आपल्या दृष्टीने याचे महत्त्व वेगळे आहे. औरंगाबाद, बीड, नांदेड, उस्मानाबाद आणि आपला परभणी हे पाचही जिल्हे त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. पुढे त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी यादी वाढत गेली. बैलगाडी, तंबू, कंदील आणि वही यांवर ही कामे झाली. तेहमिना बेगम या साऱ्या हिंडण्यात बरोबर असत. विलायतेत शिकलेल्या या बाईने जंगलातल्या तंबूत संसार थाटला. त्यांच्याविषयी चरित्रांत दोन-चार ओळीच येतात, याची खंत वाटते. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण कामू आणि मेहुणे हसन अली यांच्याकडे ते राहू लागले.

दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक निघाले. चित्रे पाहून कुणालाही पक्षी ओळखता यावा, असे ते पुस्तक. पंडित नेहरूंनी त्याची प्रत इंदिराजींना भेट दिली होती. त्यानंतरचे मोठे काम म्हणजे अमेरिकेतील डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला भारत व पाकिस्तानच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ. तो १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. पहिला खंड आला तेव्हा त्यांनी वयाची सत्तरी ओलांडली होती. मोटारसायकलचा त्यांना भारी नाद. १९५० साली स्वीडनमधील उप्साला येथे पक्षिशास्त्रज्ञांची परिषद भरली, तेव्हा आपली सनबीम गाडी बोटीवर चढवून ते युरोपात घेऊन गेले आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी तिच्यावरून हिंडले.

आता मुख्य विषयाकडे येऊ. पक्षी स्थलांतर करतात हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होते, पण अमुकच पाखरू अमुक ठिकाणाहून आले हे सिद्ध कसे करायचे? त्यासाठी कडे. पाखरू जाळ्यात धरायचे, वजन-माप घ्यायचे, पायात ॲल्युमिनियमचे हलके कडे घालायचे आणि सोडून द्यायचे. कड्यावर क्रमांक असतो आणि सापडल्यास मुंबईच्या संस्थेला कळवा असा मजकूर असतो. संस्थेने हे काम १९२७ सालीच आरंभले होते, पण ते फार थोडे होते. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा भागात क्यासनूर जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि माणसांना तापाने गाठले. तो रोग गोचिडांमार्फत पसरतो आणि रशियाकडील एका रोगाशी त्याचे साम्य आहे, असे आढळले. मग उत्तरेकडून येणाऱ्या पाखरांच्या अंगावरून तर गोचीड येत नसेल? या शंकेपोटी जागतिक आरोग्य संघटनेचा पैसा आला आणि सलीम अलींनी मोठ्या प्रमाणावर कडी घालण्याचे काम हाती घेतले. पुढे त्यात अमेरिकी लष्कराच्या संशोधन विभागाचाही पैसा आला आणि त्यावरून संशयाचे धुरळेही उडाले. पण हाती आलेली माहिती पाखरांची होती. राजस्थानातील भरतपूरला कडे घातलेली बदके पार सैबेरियात आणि कझाकस्तानात सापडली. नकाशावर रेघ ओढता आली.

भरतपूरचे नाव सलीम अलींच्या चरित्रातून वेगळे काढता येत नाही. महाराजांनी बांध घालून केलेली ही शिकारीची तळी. तेथे दगडावर शिकारीचे आकडे कोरलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पार्टीने ४,२७३ पाखरे मारली. योगायोग असा, की तो सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस होता. स्वातंत्र्यानंतर तळी आटवून शेतीला जमीन द्यावी अशी मागणी झाली, तेव्हा त्यांनी नेहरूंपर्यंत जाऊन ती वाचवली. १९८२ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, १९८५ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

येथपर्यंत सगळे गोड आहे. पण उद्यान झाल्यावर भोवतालच्या गावांच्या म्हशींना चराई बंद झाली. त्यावरून झटापट झाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकऱ्यांचे जीव गेले. चराईबंदीला सलीम अलींचा पाठिंबा होता. नंतर त्यांच्याच संस्थेच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून दिसले की म्हशी गेल्यावर तळ्यांत गवत माजले, उघडे पाणी कमी झाले आणि पाखरांना त्याचा त्रासच झाला. ज्याच्या घरी म्हैस आहे त्याला हे वाचताना बरे वाटत नाही. सलीम अलींचा मोठेपणा मी कमी लेखत नाही, परंतु पाखरांच्या वाटा ज्यांना इतक्या बारकाईने दिसल्या त्यांना गुराख्याची वाट तितकी दिसली नाही, एवढे म्हणण्याचा अधिकार खेड्यातल्या विद्यार्थ्याला असावा. समाधानाची गोष्ट ही, की सत्य सांगण्याचे काम त्यांच्याच संस्थेने केले. अभ्यासाची ती शिस्त त्यांनीच घालून दिली होती.

मानसन्मान पुष्कळ आले. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण. ज्या माणसाला पदवीवाचून नोकरी नाकारली गेली त्याला अलीगढ, दिल्ली आणि आंध्र विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिली. गेटी पारितोषिकाचे पन्नास हजार डॉलर मिळाले, ते त्यांनी संस्थेच्या निसर्गरक्षणाच्या निधीला देऊन टाकले. केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणून त्यांनी आपला शब्द खर्च केला. १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली, त्याच वर्षी आत्मचरित्र निघाले. त्याच्या नावातही चिमणी आहेच. २० जून १९८७ रोजी मुंबईत, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाची स्मारके गोव्यात चोडण बेटावर आहेत, पुण्यात मुळा-मुठेच्या काठी आहेत. आपल्याला जवळचे म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचे, सलीम अली सरोवर. दिल्ली दरवाजाजवळ, हिमायत बागेच्या समोर हे जुने तळे आहे. आसपास शहर कसे दाटले आहे ते गेलेल्यांना ठाऊक आहे. रिक्षा, हॉर्न, चणेफुटाणेवाले, सकाळी फिरायला येणारी माणसे. मागच्या हिवाळ्यात एका नातेवाइकाकडे गेलो असताना मी तेथे एक सकाळ काढली. दुर्बीण नव्हती. अशा गोंगाटात सैबेरियाचे पाखरू कशाला येईल, असे कुणालाही वाटेल. पण पाखराला गोंगाटापेक्षा पाण्याची, चिखलाची आणि लव्हाळ्याच्या आडोशाची गरज अधिक असते. कपाळावर पांढरा टिळा असलेले काळे वारकरी पाण्यावर पसरले होते. हे नाव ज्याने दिले त्याने आषाढीची दिंडी नक्की पाहिली असणार. चमच्यासारख्या रुंद चोचीची थापट्या बदके मान खाली घालून पाणी गाळत होती. त्यांचे विणीचे माहेर दूर उत्तरेला. कडेच्या ओल्या मातीत शेपटी वरखाली हलवीत धोबी पळत होता. हा एवढासा जीव, मूठभरसुद्धा नाही, आणि याच्या जातभाईंपैकी कडे घातलेले काही पुन्हा पुन्हा हिवाळ्यात त्याच जागी परतल्याच्या नोंदी आहेत. त्याच जागी म्हणजे त्याच मुलखात नव्हे, त्याच अंगणात!

फिरायला आलेल्या एका गृहस्थांना मी थापट्या दाखवली. रोज येथून जातो, बदके आहेत एवढेच पाहिले होते, असे ते म्हणाले आणि मग थांबून मोजू लागले. त्यांचे एकवीस भरले, माझे तेवीस. ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला, ऊन चढण्यापूर्वी जावे. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी वही न्यावी. आपल्या परभणीतही बागेत, कृषी विद्यापीठाच्या आवारात किंवा येलदरीच्या पाण्याकडे गेलात तर धोबी भेटेल. कॉलेजच्या ग्रंथालयात मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश मिळाला तर मराठी नावे त्यात आहेत.